उलट्या दिशेचा बाण

उन्हाळ्यात यवतमाळची दुपार एकदा सुरू झाली की संपायचं नाव घेत नाही. गल्लीतले सगळे कूलर एका सुरात घरघरत असतात, वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास दारांच्या फटींतून बाहेर येतो आणि रस्त्यावर चिटपाखरू नसतं. अशा वेळी मी आईच्या घरी चटईवर पडून असायची. झोप नाही, जागही नाही, असं मधलंच काहीतरी. त्यात मध्येच नळ श्वास घ्यायला लागायचा. टाकीवरून पाणी सुटलं की रिकाम्या पाइपातली हवा आधी पुढं ढकलली जाते, तिचा तो सुस्कारा. सुस्कारा लांबायचा, थोडा घोगरा व्हायचा, आता येणार असं वाटायचं, आणि थांबायचा. त्या उन्हाळ्यात आमच्या नळाला बहुतेकदा नुसता श्वासच आला, पाणी आलं नाही.

मी नागपूरच्या एका कॉलेजात शिकवते. माझा विषय सांगायला लागलं की लोक जांभई आवरतात, म्हणून थोडक्यात सांगते. एका ठिकाणाहून दुसरीकडं काहीतरी न्यायचं आहे, मग ते पाणी असो, कापसाच्या गाड्या असोत की फोनमधले निरोप. वाटा ठरलेल्या, प्रत्येक वाटेची ताकदही ठरलेली. तर जास्तीत जास्त किती नेता येईल आणि कोणत्या वाटेनं, हे शोधायच्या रीती म्हणजे माझा अर्धा विषय. उरलेला अर्धा म्हणजे तर्क करणारा प्रोग्राम. त्याला आपण अटी सांगायच्या आणि त्या सगळ्या एकदम पाळता येतात का, ते त्यानं शोधायचं. येत असतील तर कशा ते तो दाखवतो. येत नसतील तर आडपडदा न ठेवता नाही म्हणतो. आई याला नळाचं शिक्षण म्हणते. "एवढी डॉक्टर झाली, अन् घरच्या नळाले पाणी नाही," हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगून हसायची.

त्या सुट्टीत मात्र तिचं हसणं कमी झालं होतं. मी यायच्या आधीच, पिण्याच्या पाण्याचा भरलेला कॅन ओट्यावर चढवताना तिच्या पाठीत उसण भरली. कितीतरी दिवस ती भिंतीला धरून चालत होती. पुण्याहून दादाचा फोन आला. "बस झालं आता. कॉलेज सुरू व्हायच्या आत मी गाडी घेऊन येतो, आईला इकडं आणतो, आणि घर काढून टाकू. तू तिला म्हातारपणी पाण्यावाचून ठेवणार आहेस का?" फोन स्पीकरवर होता. आई म्हणाली, "मी काय कापसाचं बोचकं आहो का, उचललं अन् गाडीत टाकलं?" पण तिचा आवाज लहान निघाला. त्या लहान आवाजाची मला भीती वाटली.

आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. गल्लीत तिला अजून सगळे सिस्टरच म्हणतात. कोणाचा ताप, कोणाचं बाळंतपण, सलाईन लावलेल्या हाताची सूज, सगळं तिच्या दारावर येतं. पुण्यात दादाच्या फ्लॅटमध्ये चोवीस तास पाणी आहे, पण तिला सिस्टर म्हणणारं कोणी नाही. मला ती इथंच राहायला हवी होती. तिच्यासाठी तर हवी होतीच, पण माझ्यासाठीही. सुट्टीत मी जिथं डोळे मिटून पडू शकते अशी जगात दुसरी जागा नाही, आणि ती विकली जाणार या विचारानं मला दादाचा राग यायचा. तो बरोबर बोलत होता म्हणून जरा जास्तच यायचा.

आमचं घर शहराच्या कडेला, लोहारा गावाच्या बाजूला आहे. बाबांनी ते बांधलं तेव्हा आजूबाजूला वावरंच होती. नंतर मोठ्या रस्त्याकडून प्लॉट पडत आले, घरं आमच्या दिशेनं सरकत आली, आणि त्यांच्यामागून पाण्याची पाइपलाइन. म्हणून गल्लीतलं सगळ्यात जुनं घर आमचं आणि शेवटचा नळही आमचाच. रस्त्याजवळ पाइप चांगला जाड आहे. आमच्यापर्यंत येताना तो इतका बारीक होतो की बघून कीव यावी. त्यात प्रत्येकाकडं टिल्लू मोटार. नळाला लावली की पाइपातलं पाणी ओढून घेते.

आणखी एक गोष्ट आमच्या गल्लीत आहे, जी पुस्तकात कुठंच नाही. इथं कोणी नळ बंद करत नाही. पाण्याचा दिवस ठरलेला, पण वेळेचा भरवसा नसल्यानं तोटी कायम उघडी ठेवायची आणि खाली स्टीलचा रिकामा गुंड, म्हणजे हंडा. पाणी आलं की गुंड वाजतो, घर जागं होतं, मोटार सुरू होते. सगळ्या गल्लीत एकामागून एक गुंड वाजत यायचे, रस्त्याकडून आमच्याकडं. मी पडल्यापडल्या ऐकायची. आवाज जवळ येतोय, जवळ येतोय, आणि आमच्या शेजारच्या घराशी विरला. आमचा गुंड मात्र तोंड उघडून वाट बघत बसायचा.

मग एका सकाळी मला वाटलं, आपण हे शिकवून पोट भरतो, तर एकदा घरी करून बघायला काय हरकत आहे? मी गल्लीचा नकाशा काढला. टाकी म्हणजे उगम, घरं म्हणजे ठिपके, पाइप म्हणजे बाण. कोणत्या बाणातून किती पाणी जाऊ शकतं ते अंदाजानं लिहिलं. मग घरोघरी फिरले. कोणाला पाणी कशाला लागतं, किती वेळ नळ बंद ठेवता येईल, काय केलेलं चालणार नाही, हे विचारत. चहा पिऊन पिऊन माझं पित्त खवळलं. लोक वाईट नव्हते हो. ते वाईट असते तर मला बरंच सोपं गेलं असतं.

रस्त्याला लागून पहिलं घर काकूंचं. काका कचेरीतून निवृत्त झाले, त्यांचे वडीलही कचेरीतच होते. आता काकांना लकवा मारला आहे. ते कूलरसमोरच्या पलंगावर छताकडं बघत पडलेले असतात. "पिण्याचं पाणी किती लागते वं आम्हाले?" काकू म्हणाल्या. "सगळं हा कूलर पिते. बंद केला तर यांचा जीव घाबरा होते. नळ कसा बंद करू, तूच सांग." पुढच्या प्रत्येक घरात कमीजास्त हेच. उन्हाळ्यात आमच्याकडं नळाचं निम्म्याहून जास्त पाणी कूलरच्या ताट्यांवरून हवेत उडून जातं. वर बघितलं तर आभाळ कोरडं ठणठणीत, आणि आपलं सगळं पाणी तिथंच गेलेलं.

काकूंनी त्यांच्या परीनं उपायही सांगितला. त्यांची टाकी भरली की त्या लांब पाइप टाकून आमचा ड्रम भरून देतील. मला बरं वाटलं. मी घरी येऊन आईला सांगितलं.

"नाही," आई म्हणाली.

"काहून नाही?"

"नाही म्हणजे नाही."

मी चिडले. पाठ मोडली तरी अकड मोडली नाही, असं काहीतरी लागेलसं बोलले. आई भाजी निवडत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, आणि ते तिनं मला याआधी कधी सांगितलं नव्हतं. तिची आई दारव्ह्याकडच्या एका खेड्यातली. धर्मांतराच्या आधीचे दिवस. गावच्या विहिरीवर चढायची मुभा नव्हती. बाया घागरी घेऊन खाली उभ्या राहायच्या, कोणाला दया आली की वरून ओतलं जायचं. कधी सकाळची दुपार व्हायची. कधी कोणी मुद्दाम घागरीच्या बाजूलाच ओतायचं आणि हसायचं. "माह्या मायनं मले एकच गोष्ट शिकवली," आई म्हणाली. "दुसऱ्यानं ओतलेलं पाणी घ्यायचं नाही. वहिनी चांगल्या आहेत. मले माहीत आहे. पण मी ड्रम घेऊन उभी राहीन अन् त्या तिकडून सोडतीन, ते मले जमणार नाही. त्यापेक्षा मी पुण्याले जाईन."

मी लॅपटॉप उघडला आणि तीही अट लिहिली. प्रोग्रामला कारण सांगावं लागत नाही, हे त्या दिवशी मला बरं वाटलं.

दुपारी कूलरच्या घरघरीत तो प्रोग्राम विचार करत बसला. मी पाहत होते. काही क्षण मला खरंच आशा वाटली की माणसांना न सुचलेली एखादी फट त्याला दिसेल. मग उत्तर आलं. शक्य नाही. अशी कोणतीही व्यवस्था अस्तित्वातच नाही. त्याची एक चांगली सवय आहे. नाही म्हटल्यावर, ज्या मोजक्या अटींमुळं नाही म्हणावं लागलं, तेवढ्याच तो वेगळ्या काढून पुढ्यात ठेवतो. बाकीच्या सगळ्या अटींचं जमत होतं. भांडण फक्त चौघींचं होतं. पाइप एवढाच आहे. कूलर नळावरच चालणार. आईला तिच्या वाटणीचं पाणी हवं. आणि ते दुसऱ्याच्या हातून नको. यातली कोणतीही एक सोडा, तो म्हणत होता, मग जमेल.

पाइप बदलणं आमच्या हातात नव्हतं. कूलर सोडा म्हणजे काका. चौथी सोडा म्हणजे आजीची घागर. राहिलं काय? आईनं पाणी मागायचंच सोडून द्यायचं, म्हणजे इथून जायचं. यंत्र इतक्या शांतपणे दादाच्या बाजूनं बोललं की मला रडू आलं. मी तिथंच चटईवर आडवी झाले.

मला आठवतं त्याप्रमाणं मी झोपले नव्हते. पण गल्ली मात्र माझ्या डोळ्यांसमोर पाण्याखाली गेली होती. घरं हलकी होऊन जागच्या जागी डोलत होती. बाण माशांच्या पिल्लांसारखे एकामागून एक आमच्या घराकडं येत होते आणि वाटेतच कोणाच्या तरी दारात शिरत होते. मी हात लांब करून शेजारच्या तांब्यात बोट बुडवलं आणि फरशीवर गल्ली काढू लागले. टाकी, पहिलं घर, दुसरं घर. फरशी इतकी तापली होती की शेवटच्या घरापर्यंत पोचेस्तोवर टाकी वाळून जायची. मग पुन्हा टाकीपासून. असं किती वेळ चाललं होतं कोण जाणे. एकदा उलटं, आमच्या घरापासून सुरुवात केली, म्हणजे निदान आमचं घर तरी आधी उमटेल. आणि बोट आपोआप आमच्या घरातून बाहेर पडून काकूंच्या घराकडं सरकलं.

मी उठून बसले. हे तर मी दर वर्षी वर्गात घसा कोरडा करून सांगते! सगळ्या वाटा भरल्यात आणि तरी आणखी थोडं न्यायचंय, तर उलट्या दिशेचा बाण बघायचा. ज्याला आधी दिलंय त्याच्याकडून हिसकायचं नाही. त्याची गरज दुसऱ्या वाटेनं भागते का ते बघायचं. भागली तर त्याच्या वाटणीची जागा मोकळी होते आणि ती पुढच्याला मिळते. पोरं हमखास हा बाण काढायला विसरतात आणि मी त्यांचे मार्क कापते. आणि इथं मी आईच्या घरात येणारे बाण तेवढे काढले होते. बाहेर जाणारा एकही नाही. लेकीच्या मनात आई म्हणजे जिच्यासाठी काहीतरी करायचं अशी बाई होऊन बसली होती, जिथं सगळं जाऊन संपतं ते शेवटचं ठिकाण. तिच्याजवळ द्यायला काही असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आणि परसात विहीर होती. बाबांनी घरासोबतच खोदलेली. तिचं पाणी जड आहे, त्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, म्हणून झाडांना आणि सड्याला तेवढं वापरायचं. पण ती कधी आटली नाही. कूलरला डाळ थोडीच शिजवायची असते?

मी बाण काढला आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. या वेळी त्यानं वेळही घेतला नाही. जमतं, म्हणाला, आणि कोणी कधी नळ बंद ठेवायचा त्याची पाळीच लावून दाखवली. मी आईला उठवून सांगितलं. ती बराच वेळ विहिरीकडं बघत होती.

"त्या पाण्यानं ताट्या पांढऱ्या पडतीन लोकायच्या," ती म्हणाली.

"पडू दे."

"अन् मले कोणाच्या दारात नाही जा लागणार?"

"नाही. तेच येतील."

मला वाटलं ती खूश होईल. तिचा चेहरा मात्र काळजीत पडल्यासारखा दिसला. संध्याकाळी मी गल्लीत सगळ्यांना पाळी समजावली. लोकांनी शंका काढल्या, चेष्टा केली, आणि शेवटी एकदा करून पाहू म्हणाले. विहिरीवर मोटार आणि गल्लीभर पाइप टाकायचं ठरलं. पण बसवणारा दोन दिवसांनी येणार होता; तोवर पाळी सुरू करून कूलरपुरतं पाणी विहिरीवरून बादल्यांनी न्यायचं ठरलं. आणि बसवणाऱ्याच्या आधी दादा आला.

तो सकाळी गाडी घेऊन आला आणि आईची बॅग भरून डिकीत ठेवूनही दिली. त्याच्याशी भांडायची माझ्यात ताकद नव्हती. मी फक्त म्हटलं, आज पाणी यायचा दिवस आहे, कॉम्प्युटरनं लावलेली पहिली पाळी आपली आहे, जेवून निघा. तो हसला. "तुझ्या कॉम्प्युटरनं नळ सोडला का?" जेवणं झाली. दुपार चढली. आम्ही तिघं पुढच्या खोलीत बसलो होतो. नळ श्वास घ्यायला लागला. गल्लीत गुंड वाजले नाहीत, कारण ज्यांची पाळी नव्हती त्यांनी तोट्या बंद केल्या होत्या. अशी शांतता मी त्या गल्लीत कधी ऐकली नव्हती. सुस्कारा लांबला, घोगरा झाला, थांबला. दादानं माझ्याकडं पाहिलं. आणि मग आमचा गुंड वाजला.

आई उठली. धारेखाली तिनं हात धरला आणि तसाच धरून ठेवला. धार काही मोठी नव्हती, पण तुटत नव्हती.

ड्रम भरत आला तेव्हा फाटक वाजलं. काकू उन्हातून आल्या होत्या, डोक्यावर पदर, हातात बादली. त्यांचा नळ बंद होता आणि काकांच्या कूलरमधलं पाणी सरत आलं होतं. आई त्यांना घेऊन परसात गेली. मागून आम्ही गेलो. विहिरीच्या ओट्यापाशी काकू थांबल्या. परक्या विहिरीवर न विचारता चढू नये, एवढाच त्यांचा विचार असणार. त्या खालीच उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी बादली पुढं धरली.

"सिस्टर, तुम्ही ओता. मी धरते."

आईचा चेहरा पांढरा पडला. ती वर ओट्यावर होती, पोहरा तिच्या हातात होता, आणि खाली एक बाई मान वर करून भांडं धरून उभी होती. तिला काय दिसत होतं ते मला कळलं. दादाला कळलं की नाही माहीत नाही, कारण ती गोष्ट त्याला कोणी सांगितली नव्हती.

"नाही," आई म्हणाली. "मी ओतणार नाही."

काकूंचे हात खाली आले. आपलं काही चुकलं का, अशा नजरेनं त्या माझ्याकडं पाहू लागल्या. मी बोलायला तोंड उघडलं, पण आई ओट्याच्या कडेला आली होती. तिनं वाकून, पाठीची कळ दाबत, काकूंना हात दिला आणि वर घेतलं. मग दोराचं टोक त्यांच्या मुठीत ठेवलं.

"तुमच्या हातानं काढा, वहिनी. इथं कोणी कोणाले वाढत नाही."

"मले जमते का बाप्पा?"

"जमते. मी बाजूले उभी आहो."

काकूंनी दोर सोडला. कप्पी कुरकुरली. पहिला पोहरा वर येईपर्यंत निम्मा सांडला आणि दोघींची पातळं भिजली. काकू हसायला लागल्या. आईही हसली. मग विहिरीवरून नजर न काढताच तिनं दादाला हाक मारली.

"ते बॅग उतरव रे गाडीतून. उद्यापासून लोक येतीन पाण्याले. घरी कोणी तं पायजे."